घरच्या घरी चार तारांचा इलेक्ट्रिक बेस: आराखड्यापासून सेटअपपर्यंत

घरी बनवलेल्या बेस गिटारमधली चूक बहुतेक वेळा तारा चढवल्यावर कळते. सगळ्यात बारीक, म्हणजे जी (G) तार फिंगरबोर्डच्या (बोटांनी तारा दाबायच्या पट्टीच्या) कडेवरून घसरते, ब्रिजचे (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाचे) स्क्रू पूर्ण खाली नेले तरी तारा उंचच राहतात, किंवा पट्टा खांद्यावर घेतला की नेकचं (लांब दांडीचं) टोक जमिनीकडे झुकतं. या तिन्ही गोष्टी करवत हातात घेण्याआधीच कागदावर ठरून गेलेल्या असतात. म्हणून इथे आराखड्याला आणि नेकला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. बॉडी कापायला घाई करू नका, ती या कामातली सगळ्यात सोपी वस्तू आहे.

खालची सगळी मापं चार तारांच्या, ३४ इंची स्केलच्या (तारेच्या वाजणाऱ्या भागाच्या लांबीच्या), स्क्रूने जोडलेल्या नेकच्या आणि सपाट हेडस्टॉकच्या (नेकच्या खुंट्या बसणाऱ्या टोकाच्या) बेसची आहेत. पहिल्या वाद्यासाठी हीच रचना घ्यावी. नेक स्क्रूने जोडलेली असली की ती काढता येते, पॉकेटचं (बॉडीतल्या नेक बसण्याच्या खोबणीचं) माप चुकलं तर दुरुस्त करता येतं, आणि नेक वाया गेली तरी बॉडी वाचते.

आधी सामान, मग आराखडा

ब्रिज, ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या), पिकअप (तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारे चुंबकी भाग), ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारा आतला धातूचा दांडा), पॉट्स (व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे भाग) आणि जॅक (केबल लावायची जागा) हे सगळं हातात आल्याशिवाय आराखडा सुरू करू नका. दोन कंपन्यांच्या एकसारख्या दिसणाऱ्या ट्यूनरना लागणाऱ्या भोकांत ३-४ मिमीचा फरक असू शकतो. ब्रिजच्या सॅडलची (प्रत्येक तार टेकते त्या सरकत्या तुकड्याची) कमीत कमी आणि जास्तीत जास्त उंची, पिकअपची लांबी-रुंदी-खोली, ट्रस रॉडची जाडी आणि लांबी ही मापं व्हर्नियरने स्वतः घ्या. वेबसाइटवरच्या मापांवर राउटर (लाकडात खाचा कोरणारं यंत्र) चालवू नका.

३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिमी, हे स्केल १९५१ च्या फेंडर प्रिसिजन बेसपासून रूढ झालं आणि तारा, ट्रस रॉड, तयार फिंगरबोर्ड सगळं त्याच मापाला सहज मिळतं. ३० इंची स्केलवर बोटं कमी ताणावी लागतात, पण त्याच जाडीच्या तारांचा ताण कमी होतो आणि ४१.२ हर्ट्झची सगळ्यात जाड ई (E) तार सैल वाटू लागते. पाच तारांच्या बेसमध्ये खालची बी ३०.९ हर्ट्झवर असते, म्हणून तिथे बरेच जण ३५ इंचांकडे वळतात. तो दुसऱ्या वाद्याचा विषय आहे.

पूर्ण आकाराचा आराखडा

सव्वा मीटर लांबीचा कागद घ्या आणि त्यावर एक सरळ मध्यरेषा मारा. छोट्या प्रमाणातला आराखडा इथे कामाचा नाही, कारण त्यात अर्ध्या मिमीची चूक दिसतच नाही. पुढे लाकडावरची प्रत्येक खूण याच मध्यरेषेपासून मोजायची आहे. बॉडीची कड किंवा नेकची बाजू यांच्यापासून मोजू नका, कारण त्या घासताना बदलत जातात.

सुरुवात तारांपासून करा आणि लाकडाच्या कडा नंतर काढा. नटची (हेडस्टॉकजवळ तारा ज्या खाचांतून जातात त्या छोट्या पट्टीची) रुंदी ४० मिमी धरली आणि बाहेरच्या दोन्ही तारा कडेपासून ३.५ मिमी आत ठेवल्या, तर ई आणि जी तारांच्या मध्यांत ३३ मिमी अंतर येतं. ब्रिजवर दोन तारांत १९ मिमी असेल, तर तिथे हेच अंतर ५७ मिमी. नटपासून ८६३.६ मिमीवर ब्रिजची रेषा आखा आणि ई-जीच्या दोन तिरक्या रेषा जोडा. नेक नटपासून ६०० मिमीवर संपवली, तर त्या टोकाला बाहेरच्या तारांत ४९.७ मिमी अंतर असतं. दोन्ही बाजूंना ५ मिमीपेक्षा थोडी जास्त जागा सोडून तिथली रुंदी ६० मिमी ठेवा. वरच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे फिंगरबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) जी (G) तार जोरात ओढली तरी ती कडेवरून घसरणार नाही.

पिकअपच्या बाबतीतही हेच गणित लागतं. ब्रिजपासून १५० मिमीवर बाहेरच्या तारांत सुमारे ५३ मिमी अंतर असतं आणि ६५ मिमीवर सुमारे ५५ मिमी. म्हणूनच फेंडरच्या जॅझ बेसच्या दोन पिकअपच्या जोडीत ब्रिजकडचा पिकअप नेककडच्यापेक्षा थोडा लांब असतो. दोन पिकअपची अदलाबदल झाली तर बाहेरच्या तारा चुंबकांवर नीट येत नाहीत.

पिकअपची जागा हा आवाजाचा सगळ्यात मोठा निर्णय आहे, लाकडाच्या जातीपेक्षाही मोठा. ब्रिजजवळ तार कमी हलते आणि वरचे हार्मोनिक जास्त पकडले जातात, त्यामुळे आवाज टोकदार पण बारीक येतो. नेककडे सरकावं तसा तो गोल आणि भरीव होतो. प्रिसिजनसारखा एकच पिकअप ब्रिजपासून साधारण १४० ते १५० मिमीवर येतो. दोन पिकअप हवे असतील तर सुमारे ६५ आणि १५५ मिमी या जागा सुरक्षित आहेत. पहिल्या वाद्यात याहून वेगळा प्रयोग करायचा मोह टाळावा.

आता बाजूचं दृश्य. बहुतेक जण हे काढतच नाहीत, आणि तारा उंच राहण्याचं कारण नेमकं तेच असतं. नेकच्या टोकाची जाडी फिंगरबोर्डसह २५ मिमी आणि पॉकेटची खोली १६ मिमी धरली, तर फिंगरबोर्ड बॉडीच्या वर ९ मिमी येतो. फ्रेटची उंची १.२ मिमी, म्हणजे फ्रेटचे माथे १०.२ मिमीवर. बाराव्या फ्रेटवर तार फ्रेटपासून २.२ मिमी आणि नटजवळ ०.४ मिमी वर हवी असेल, तर ब्रिजवर ती फ्रेटच्या पातळीपेक्षा ४ मिमी वर पाहिजे, कारण बारावा फ्रेट बरोबर मध्यावर असतो. म्हणजे सॅडलवर तार बॉडीपासून १४.२ मिमी उंचीवर येणार. तुमच्या ब्रिजच्या सॅडलचा पल्ला १० ते १६ मिमी असेल तर हे चालतं, पण वरच्या बाजूला थोडीच जागा उरते. पॉकेट १७ मिमी खोल केलं तर हाच आकडा १३.२ होतो आणि सॅडल पल्ल्याच्या मध्यावर येतं. ब्रिज बदलला की हे गणित नव्याने करा.

बॉडीचा आकार हवा तसा काढा, एक अट मात्र पाळा. वरच्या शिंगावरचं पट्ट्याचं बटण बाराव्या फ्रेटच्या आसपास यायला हवं. वरच्या मापांत ते पॉकेटच्या आतल्या भिंतीपासून सुमारे १६८ मिमी पुढे येतं. शिंग आखूड राहिलं तर वजनाचा तोल हेडस्टॉककडे जातो आणि वाजवताना डावा हात सतत नेक उचलून धरतो. वजनदार बॉडीने हा दोष पुरता जात नाही. शिंग लांबवणं आणि हलके ट्यूनर घेणं, हेच दोन खरे उपाय.

लाकूड

नेकसाठी ताठ, सरळ रेषांचं आणि पूर्ण मुरलेलं लाकूड हवं. मेपल ही नेहमीची निवड, पण महोगनी आणि चांगला सरळ रेषांचा सागही चालतो. फळीच्या बाजूकडून पाहा: रेषा कडेला समांतर जात असतील तरच ती घ्या. रेषा तिरक्या बाहेर पडत असतील तर तारांच्या ताणाखाली, विशेषतः नटजवळ, तडा जाऊ शकतो. ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीचा तारांचा संच या स्केलवर एकूण ७५ ते ८५ किलोचा ताण देतो, आणि तो रात्रंदिवस असतो.

एकाच फळीपेक्षा तीन किंवा पाच उभ्या पट्ट्या चिकटवून केलेली नेक जास्त स्थिर राहते. पट्ट्यांच्या टोकाकडची वलयं एकमेकांच्या उलट दिशेला ठेवा, म्हणजे एकीचा पीळ दुसरी अडवते. ओलावा ८ ते १० टक्क्यांच्या आसपास असावा. लाकूड आणल्यावर कामाच्या खोलीत, खाली-वर हवा खेळेल अशा रीतीने, काही आठवडे ठेवा. जे वाकायचं ते कापण्याआधीच वाकू द्या.

फिंगरबोर्डसाठी शिसवी, आबनूस किंवा मेपल, ६ मिमी जाडीचं. शिसवी आणि साग ही तेलकट लाकडं आहेत. चिकटवण्याच्या ऐन आधी पृष्ठभाग ताजा घासून ॲसिटोनने पुसला नाही तर गोंद धरत नाही आणि काही महिन्यांनी सांधा उघडतो. शिसवीची धूळ अनेकांना बाधते, तेव्हा घासताना मास्क लावाच.

बॉडीचं लाकूड वजन पाहून निवडा. नेहमीच्या आकाराची ४४ मिमी जाडीची बॉडी ढोबळमानाने ४.७ लिटर भरते. घनमीटरला ४५० किलो घनतेच्या लाकडात ती सुमारे २.१ किलोची होते, ७०० किलोच्या लाकडात ३.३ किलोची. हा फरक तासाभराने खांद्याला कळतो. ५२० × ३५० मिमीची फळी एकसंध मिळाली नाही तर दोन किंवा तीन तुकडे चिकटवा, आवाजाचं काही बिघडत नाही.

नेक

नेकमध्ये कामाचा क्रम फार महत्त्वाचा आहे. ९०० × १०० × २० मिमीची फळी रंधा मारून सपाट करा, पुढे-मागे मध्यरेषा आखा आणि कडा समांतर असतानाच ट्रस रॉडची खाच पाडा. नेकचा निमुळता आकार आधी कापला तर राउटरला टेकायला सरळ कड उरत नाही. दोन्ही दिशांना काम करणारा रॉड घ्या. बहुतेकांना ६ मिमी रुंद आणि ९ ते १० मिमी खोल खाच लागते, पण तुमच्या रॉडचं माप हेच शेवटचं. एका फेरीत ३ मिमीपेक्षा जास्त खोल जाऊ नका. नटजवळ फिंगरबोर्ड सोडून लाकूड १५ मिमी उरणार आहे. ९.५ मिमी खाचेखाली ५.५ मिमी राहतं, ते पुरेसं आहे. ४ मिमीच्या खाली गेलात तर रॉड घट्ट करताना मागचं लाकूड फुटण्याची भीती असते.

रॉड बसवण्याआधी हातात धरून दोन्ही बाजूंना फिरवून पाहा. एकदा फिंगरबोर्ड चिकटला की सदोष रॉड काढायला अख्खा फिंगरबोर्ड उखडावा लागतो. रॉड खाचेत घट्ट बसावा, खडखडू नये. सैल वाटला तर सिलिकॉनचे दोन-तीन थेंब द्या. खाचेत गोंद जाऊ नये म्हणून चिकटवताना रॉडवर अरुंद कागदी टेप लावा आणि गोंद पसरून झाल्यावर टेप काढून मग दाबा.

फ्रेटच्या खाचाही फिंगरबोर्ड आयताकृती असतानाच कापा, गुण्या लावून, मध्यरेषेला काटकोनात. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागलं की पुढच्या फ्रेटचं अंतर मिळतं. ते सगळं आकडेमोडीत करा, पण लाकडावर खुणा मात्र प्रत्येक वेळी नटपासूनच मोजा. एका फ्रेटपासून पुढचा मोजत गेलात तर अर्ध्या अर्ध्या मिमीच्या चुका साठत जातात. पडताळणीसाठी काही अंतरं: पहिला फ्रेट ४८.४७ मिमी, दुसरा ९४.२२, तिसरा १३७.४०, पाचवा २१६.६३, सातवा २८७.२२, बारावा ४३१.८०, सतरावा ५४०.१२, विसावा ५९१.५८. खूण पेन्सिलीने नको, धारदार सुरीने करा, करवतीचे दात त्या रेघेत आपोआप बसतात. खाचेची रुंदी फ्रेटच्या खालच्या जिभेइतकी, साधारण ०.५८ मिमी, आणि खोली जिभेपेक्षा अर्धा मिमी जास्त. पुढे गोलाई घासताना कडेची खोली कमी होते, तेव्हा ती पुन्हा तपासा.

नेक आणि फिंगरबोर्ड दोन्ही निमुळते करून चिकटवा. ओला गोंद लागलेला फिंगरबोर्ड क्लॅम्प आवळताना सरकतो. ते टाळायला दोन फ्रेटच्या खाचांत बारीक खिळ्यांसाठी भोकं पाडून ठेवा, खिळ्यांनी जागा पक्की करा, दाबल्यावर खिळे काढा. सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदातल्या पाण्याने फिंगरबोर्ड फुगतो आणि नेक मागे वाकते, म्हणून सरळ जाड लाकडी पट्टीवर आवळून किमान २४ तास तशीच ठेवा. क्लॅम्प लवकर काढण्यात काही वाचत नाही.

फिंगरबोर्डची गोलाई ९.५ ते १२ इंच त्रिज्येची ठेवा. त्या त्रिज्येचा घासठोकळा विकत मिळतो. ८० च्या पेपरने सुरुवात करून ३२० पर्यंत जा, ठोकळा पूर्ण लांबीभर चालवा, आणि दर काही मिनिटांनी सरळपट्टी लावून मध्ये खोलगट होत नाही ना हे पाहा.

हेडस्टॉकचा पृष्ठभाग फिंगरबोर्डच्या तळापासून सुमारे ५ मिमी खाली घ्या आणि जाडी १४ मिमी ठेवा. म्हणजे २० मिमीच्या फळीत सगळं बसतं आणि तारांना नटवरून खाली उतरायला कोन मिळतो. डी आणि जी तारांना तरीही वरून दाबणारा छोटा स्ट्रिंग ट्री लागेल, नाहीतर त्या नटमध्ये झणझणतात. ट्यूनरची भोकं मागचा आकार कोरण्याआधी, खाली टाकाऊ फळी दाबून पाडा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना लाकडाचे टवके उडतात. छोट्या स्क्रूंना आधी बारीक भोक आणि मेण हवंच. कठीण मेपलमध्ये ते तसेच पिळले तर डोकी तुटतात.

मागची गोलाई कोरताना आधी दोनच जागा पक्क्या करा: पहिल्या फ्रेटजवळ एकूण जाडी २१ मिमी आणि बाराव्याजवळ २३ ते २४ मिमी. या दोन ठिकाणी पुठ्ठ्याचे साचे लावून अचूक आकार आणा, मग स्पोकशेव्ह (दोन मुठींचा छोटा रंधा) आणि भरड कानशीने त्यांना जोडणारं मधलं लाकूड उतरवा. शेवटचे एक-दीड मिमी लगेच काढू नका. नेक आठवडाभर तशीच टांगून ठेवा. लाकूड काढल्यावर आतला ताण मोकळा होतो आणि नेक थोडी हलते. ती हलून झाल्यावरच शेवटचं घासकाम करा आणि फिंगरबोर्ड पुन्हा एकदा सरळ करून घ्या.

फ्रेटची तार फिंगरबोर्डपेक्षा थोडी जास्त वाकवून घ्या. आधी दोन्ही टोकं ठोकायची, मग मध्य, म्हणजे टोकं वर उचलली जात नाहीत. खाचा फार अरुंद असतील तर वीस फ्रेट वीस पाचरींसारखे काम करतात आणि नेक मागे वाकते. फ्रेट सहज बोटाने बसत असेल तर खाच सैल आहे, तिथे पातळ सुपरग्लूचा थेंब द्या. सगळे बसल्यावर ट्रस रॉडने नेक अगदी सरळ करा, फ्रेटच्या माथ्यांवर मार्करने रंग लावा आणि सपाट पट्टीवर ३२० चा पेपर चिकटवून लांबीभर हलक्या हाताने फिरवा. प्रत्येक माथ्यावरचा रंग जाईपर्यंतच. मग क्राउनिंग कानशीने माथे पुन्हा गोल करा आणि टोकं तिरकी घासून बोटाला न टोचणारी करा. हे काम घाईत केलं तर पुढे एकही सेटअप जमत नाही.

बॉडी

१२ मिमी एमडीएफचा टेम्प्लेट करा. टेम्प्लेटची कड जितकी गुळगुळीत, तितकीच बॉडीची, कारण राउटरचं बेअरिंग प्रत्येक खड्डा जसाच्या तसा लाकडावर उतरवतं. बाहेरचा आकार जिगसॉने रेषेच्या २-३ मिमी बाहेरून कापा आणि मग राउटर फिरवा, एका फेरीत ४-५ मिमी. शिंगांच्या टोकांना रेषा उलट्या येतात आणि तिथेच मोठा टवका उडतो. त्या भागात अगदी पातळ फेऱ्या घ्या किंवा ते हातानेच घासा.

नेक पॉकेटचा टेम्प्लेट आराखड्यावरून करू नका. तयार झालेली नेक मध्यरेषेवर ठेवा, तिच्या दोन्ही बाजूंना आणि टोकाला एमडीएफच्या पट्ट्या चिकटवा, नेक काढा: तयार झालेली चौकट हाच टेम्प्लेट. पॉकेट ९५ मिमीच्या आसपास लांब आणि इतकं घट्ट हवं की स्क्रू न लावता बॉडी उचलली तरी नेक निसटू नये. आधी टाकाऊ लाकडात करून पाहा. पॉलिश किंवा रंगाचा थर जाड देणार असाल तर त्यासाठी प्रत्येक बाजूला पाव मिमी सोडा.

नेक बसल्यावर दोन बाहेरच्या तारांच्या जागी दोरे ताणून ब्रिजची जागा ठरवा, कागदावरच्या जागेवर आंधळा भरवसा ठेवू नका. जी तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणा आणि त्याचा तार टेकण्याचा बिंदू नटपासून ८६३.६ मिमीवर येईल असा ब्रिज ठेवा. इंटोनेशनसाठी (फ्रेटवर दाबलेला स्वर सुरात यावा म्हणून) प्रत्येक तार थोडी लांब करावी लागते, जाड ई तर ५ मिमीच्या आसपास. म्हणजे सॅडलना मागे सरकायलाच जागा हवी. पिकअपच्या खोबणी ब्रिज आणि नेक पक्के झाल्यावरच पाडा.

नेकच्या स्क्रूंची लांबीही मोजून घ्या. बॉडी ४४ मिमी, त्यातून पॉकेटचे १६ गेले की २८ उरतात. मागची पट्टी २ मिमी. ४५ मिमीचा स्क्रू नेकमध्ये १५ मिमी शिरतो आणि टोकाकडे फिंगरबोर्डखालचं लाकूड १९ मिमी आहे, म्हणजे ४ मिमी शिल्लक. पॉकेट १७ मिमी केलंत तर शिल्लक ३ मिमी. ५० मिमीचा स्क्रू फिंगरबोर्डमध्ये घुसेल. बॉडीतलं भोक स्क्रूपेक्षा मोठं, सुमारे ५ मिमी, ठेवा आणि नेकमधलं ३.२ मिमी. बॉडीतही आटे धरले तर स्क्रू कितीही पिळला तरी दोन लाकडांत फट राहते.

कंट्रोलची खोबण मागून पाडा आणि पुढचं लाकूड ६ ते ८ मिमी ठेवा, नाहीतर पॉटच्या दांड्याचे आटे बाहेर येत नाहीत. पिकअपपासून खोबणीपर्यंत लांब ड्रिलने ८ मिमीचं भोक, आणि ब्रिजखालून ग्राउंड वायरसाठी ३ मिमीचं. हे शेवटचं भोक विसरलं जातं आणि पॉलिश झाल्यावर आठवतं.

पॉलिश

१२०, १८०, २४०, ३२० या क्रमाने घासा. २४० नंतर ओल्या फडक्याने पुसून लाकडाची लव उठवा, वाळू द्या आणि मग ३२०. घरच्या कामात तेल किंवा तेल-वॉर्निशचं मिश्रण सगळ्यात सोपं: पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून टाका, दुसऱ्या दिवशी पुन्हा, असे चार-पाच हात. मेपलच्या नेकला काहीतरी थर द्यावाच, नाहीतर घामाने ती काळी पडते आणि ओलावा शोषते. नेक पॉकेटच्या आत आणि शिसवीच्या फिंगरबोर्डवर जाड थर देऊ नका. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्यावर पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

वायरिंग

साध्या पॅसिव्ह (बॅटरी न लागणाऱ्या) पिकअपसाठी २५० किलोओहमचे तीन पॉट, ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि एक मोनो जॅक इतकंच लागतं: दोन व्हॉल्यूम, एक टोन. दोन व्हॉल्यूम असताना पिकअपची गरम वायर पॉटच्या मधल्या पायाला आणि पुढे जाणारी बाहेरच्या पायाला जोडा. उलट केलं तर एक व्हॉल्यूम शून्यावर आणताच दुसरा पिकअपही मुका होतो. पॉटच्या पाठीवर सोल्डर करायला किमान ४० वॅटची सोल्डरिंगची इस्त्री घ्या. कमी वॅटची इस्त्री बराच वेळ टेकवून ठेवावी लागते आणि पॉट आतून भाजतो.

सगळ्या खोबणी तांब्याच्या फॉइलने मढवा, तुकडे एकमेकांवर चढवा, जोडांवर सोल्डरचा ठिपका द्या आणि फॉइल ग्राउंडला जोडा. ब्रिजची वायरही ग्राउंडला. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर ती जोडणी बरोबर आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकच्या दोन वायरी उलट्या लागल्या आहेत.

झाकण लावण्याआधी ॲम्प्लिफायर हळू आवाजावर ठेवून पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने टकटक करा. दोन्ही पिकअप एकेकटे ठीक पण एकत्र पातळ, पोकळ वाजत असतील तर ते उलट फेजमध्ये आहेत, एकाच्या दोन वायरींची अदलाबदल करा. ॲक्टिव्ह प्रीॲम्प (बॅटरीवर चालणारं आतलं सर्किट) बसवलात तर स्टीरिओ जॅक लागतो, बॅटरीची ऋण वायर त्याच्या रिंगला जाते आणि केबल घातल्यावरच बॅटरी सुरू होते. वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची ती याचसाठी.

सेटअप

तारा पूर्ण सुरात आणल्यावरच मापं घ्या. आधी रिलीफ (नेकचा किंचित पुढे झुकलेला बाक): पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट बोटाने दाबलेला, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर ई तारेखाली फीलर गेजने ०.३ ते ०.४ मिमी फट. रॉड एका वेळी पाव फेराच फिरवा, तार पुन्हा सुरात आणा, मग मोजा.

नंतर नट. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली असता पहिल्या फ्रेटवर ०.२ ते ०.३ मिमी फट हवी. खाच तारेपेक्षा किंचित रुंद आणि हेडस्टॉककडे उतरती करा. सपाट किंवा उलटी उतरली तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. एक कानस जास्त फिरली तर नट नवाच लागतो, तेव्हा शेवटचे हात मोजून मापून.

बाराव्या फ्रेटवर ई २.५ मिमी आणि जी २ मिमी, मधल्या दोन तारा गोलाईनुसार. त्यानंतर इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकाशी सूर दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ट्यूनरवर जुळवा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. पिकअपची उंची शेवटी: शेवटचा फ्रेट दाबून ई तारेखाली ३ मिमी, जीखाली २.५ मिमीपासून सुरुवात करा. चुंबक फार जवळ आले तर ते तारेला ओढतात, स्वर थरथरतो आणि इंटोनेशन कधीच लागत नाही.

एकाच फ्रेटवर खरखर असेल तर पुढचा फ्रेट उंच आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर असेल तर रिलीफ कमी, आणि बाराव्याच्या वर असेल तर सॅडल खाली किंवा नेकचं टोक उचललेलं. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझत असेल तर तो फ्रेटचा दोष नाही. त्या स्वराला नेक स्वतःच हलते आणि तारेची ऊर्जा खाते. हेडस्टॉकला छोटा क्लॅम्प लावून पाहा, तो स्वर सुधारेल किंवा दुसऱ्या फ्रेटवर सरकेल. पुढची नेक बांधताना ट्रस रॉडच्या दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या पट्ट्या इपॉक्सीने बसवल्या तर ती ताठ होते आणि या दोषाची जागा आणि तीव्रता बदलते.

नवी नेक पहिले काही आठवडे ताणाखाली थोडी थोडी वाकत राहते. दोन आठवड्यांनी रिलीफ, ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची), इंटोनेशन याच क्रमाने पुन्हा तपासा, नेकचे चारही स्क्रू एकेकदा घट्ट करा, आणि पुढे हवेतला ओलावा ठळकपणे बदलला की फक्त रिलीफ पाहा.